दोनशे सागरी मैलांपलीकडची हद्द आखायला देशाला मदत करताना

शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन म्हणजे किनाऱ्यालगतचा, साधारण २०० मीटर खोलीपर्यंतचा उथळ पट्टा. त्यापुढे खंडान्त उतार आणि मग सागरी मैदान. कायद्यातली समुद्रबूड जमीन याहून बरीच मोठी असते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराच्या ७६ व्या कलमानुसार तिच्यात उतारही येतो आणि उताराच्या पायथ्याशी गाळ साचून झालेला मंद चढही येतो. आधाररेषेपासून, म्हणजे बहुधा किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेषेपासून, २०० सागरी मैलांपर्यंतचा (पुढेही मैल म्हणजे सागरी मैलच), अर्थात ३७०.४ किलोमीटरपर्यंतचा तळ किनारी देशाला तसाच मिळतो, मग खाली काहीही असो. देशाचं भूखंड पाण्याखाली त्याहूनही पुढे पसरलं असेल, तर त्या तळावरही देशाचाच हक्क असतो. पण सीमा कायमची आणि सर्वांवर बंधनकारक व्हायची असेल तर ती मोजमापांनिशी मांडावी लागते. ती तपासायला २१ तज्ज्ञांचा एक आयोग न्यूयॉर्कला बसतो.

या मांडणीसाठी जहाज लागतं, भूकंपलहरींचं सर्वेक्षण लागतं, भूगणित, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवर स्थानं आणि अंतरं मोजण्याचं शास्त्र, जाणणारी माणसं लागतात. ज्या देशाच्या भूशास्त्र खात्यात पाच-सहा माणसं आहेत आणि बंदरात एकही संशोधन जहाज नाही, त्याला बाहेरची मदत घ्यावीच लागते. नॉर्वेतल्या ग्रिड-आरेन्डाल या केंद्राने, राष्ट्रकुल सचिवालयाने, प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी जिओसायन्स ऑस्ट्रेलियाने ती केली आहे. भारताच्या स्वतःच्या दाव्याचं काम गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चाललं, त्यामुळे या विषयाची जाण असलेली माणसं आपल्या जवळपासही आहेत. असं काम हाती घेणाऱ्या भूशास्त्रज्ञ, जलसर्वेक्षक, जीआयएसवाले आणि वकील यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. फाइल देशाची आहे आणि ती तुमच्याशिवाय उभी राहिली पाहिजे. २००९ मध्ये दावे दाखल केलेले काही देश आजही रांगेत आहेत. आयोगाचे सदस्य पाच वर्षांसाठी निवडले जातात. तुमचा दावा तपासायला घेतला जाईल तेव्हा समोर कोण बसलं असेल हे माहीत नसतं, आणि उत्तर द्यायला देशाकडून कोण उभं असेल हेही माहीत नसतं. पुढची प्रत्येक पायरी या हिशेबाने करा.

आधी मुदत, मग आधाररेषा

करार त्या देशाला लागू झाल्यापासून दहा वर्षांत दावा दाखल करायचा असतो. ज्यांना तो १३ मे १९९९ पूर्वी लागू झाला त्यांची दहा वर्षं त्या तारखेपासून मोजली गेली, म्हणून २००९ च्या एप्रिल-मे महिन्यांत दाव्यांची एवढी गर्दी उसळली. २००८ मध्ये सदस्य देशांनी आणखी एक वाट काढली: पूर्ण दावा तयार नसेल तर प्राथमिक माहिती द्यावी, मुदत पाळली असं धरलं जाईल. त्यात तीन गोष्टी लागतात. अंदाजे बाह्य सीमा, तयारी कुठवर आली आहे त्याचं वर्णन आणि पूर्ण दावा कधी देणार ती तारीख. अनेक आफ्रिकी देशांनी हीच वाट धरली. अशा देशाला मदत करत असाल तर ती जुनी प्राथमिक माहिती सर्वांत आधी वाचा. तेव्हा घाईत काढलेली रेषा आणि आज निघणारी रेषा यांत फरक निघणारच, आणि तो का पडला हे लिहून ठेवावं लागेल.

आधाररेषा कंटाळवाणी वाटते, पण २०० आणि ३५० मैलांच्या सगळ्या रेषा तिथूनच निघतात. नकाशावरची ओहोटीची रेषा वसाहतकाळातल्या सर्वेक्षणाची असू शकते आणि तिचा भौगोलिक संदर्भ जीपीएस वापरतं त्या आजच्या डब्ल्यूजीएस-८४ या संदर्भप्रणालीशी जुळत नसतो. शेकडो मीटरचा फरक सहज पडतो. द्वीपसमूह देशाच्या आधाररेषेला वेगळे नियम आहेत: पाणी आणि जमीन यांचं प्रमाण एकास एक ते नवास एक यांच्या दरम्यान, एका रेषेची लांबी १०० मैलांपर्यंत, एकूण रेषांपैकी फक्त तीन टक्के १२५ मैलांपर्यंत. हे आधी तपासा. सदोष आधाररेषेवर उभा केलेला दावा शेजाऱ्याच्या एका निषेधपत्राने अडतो.

१४० चा आकडा

पहिला प्रश्न: देशाला २०० मैलांपलीकडे जाता येतं का? यासाठी जहाज नको, टेबलावर बसून होतं.

कलमात दोन सूत्रं आहेत. हेडबर्ग सूत्राने उताराच्या पायथ्यापासून ६० मैल पुढे जाता येतं. गार्डिनर सूत्राने गाळाची जाडी पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान एक टक्का असेल तिथपर्यंत जाता येतं. म्हणजे पायथा आधाररेषेपासून १४० मैलांच्या पुढे असेल तर नुसत्या हेडबर्गनेच २०० मैल ओलांडले जातात. गाळ मोजायची गरजही नाही. पायथा १३५ मैलांवर असेल तर हेडबर्ग १९५ वर थांबतं. मग २०० च्या रेषेवर, पायथ्यापासून ६५ मैलांवर म्हणजे १२०.४ किलोमीटरवर, किमान १,२०४ मीटर गाळ दाखवावा लागेल. मोठ्या नदीच्या मुखासमोर, सिंधू किंवा काँगोने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या पंख्यावर, हे सहज जमतं. छोट्या ज्वालामुखी बेटाभोवती जवळजवळ कधीच नाही.

ही चाचणी नापास झाली तर ते देशाला स्पष्ट सांगा. मंत्रालयात आशा वाढलेल्या असतात, पण चुकीच्या आशेवर जहाज भाड्याने घेणं हे त्या देशाच्या तिजोरीचं सरळ नुकसान आहे.

आहे ती माहिती गोळा करा

जहाजाचा विचार करण्याआधी तीन ते सहा महिने नुसते शोधण्यात घालवा. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या जागतिक खोली-माहिती केंद्रात गेल्या अर्धशतकाहून जुन्या जहाजफेऱ्यांच्या नोंदी मोफत मिळतात. तेल कंपन्यांनी परवान्याच्या अटीप्रमाणे सरकारला दिलेल्या सिस्मिक रेषा, म्हणजे भूकंपलहरींनी घेतलेले तळाखालचे छेद, बहुधा पेट्रोलियम खात्याच्या गोदामात चुंबकीय टेपवर पडलेल्या असतात, आणि टेप वाचणारं यंत्र देशात नसतं. त्या आधी वाचून घ्या; टेप वर्षागणिक खराब होत जाते. महासागर खोदाई प्रकल्पांच्या विहिरी जवळ असतील तर त्यांतून गाळाचं वय आणि ध्वनिवेग मिळतो.

जागतिक जाळीच्या नकाशांबाबत सावध राहा. जेबको या समुद्रतळाच्या जागतिक नकाशाची जाळी आज पंधरा कोनीय सेकंदांच्या चौकटींची आहे आणि दिसायला फार देखणी. पण त्यातल्या बऱ्याच चौकटी जहाजाने मोजलेल्या नाहीत, उपग्रहाने टिपलेल्या गुरुत्वाकर्षणावरून अंदाजलेल्या आहेत. जेबकोसोबत एक दुसरी जाळी मिळते, जी प्रत्येक चौकट मोजलेली की अंदाजलेली ते सांगते. ती उतरवून नकाशावर रंगवा. पायथ्याचा बिंदू अंदाजाच्या चौकटीत पडत असेल तर तो शोधाला उपयोगी आहे, पुरावा म्हणून नाही.

जुन्या प्रतिध्वनी नोंदींमध्ये दोन खोट ठरलेल्या. पहिली: ध्वनीचा वेग सरसकट सेकंदाला १,५०० मीटर धरलेला असतो, पाण्याच्या खऱ्या तापमान-क्षारतेप्रमाणे तो दुरुस्त करावा लागतो, आणि कोणीतरी आधीच दुरुस्त केला असेल तर दुसऱ्यांदा करायचा नसतो. दुसरी: जीपीएसपूर्व काळातलं जहाजाचं स्थान काही शे मीटर ते काही किलोमीटर चुकलेलं असू शकतं. प्रत्येक नोंदीसोबत हा चुकीचा अंदाज लिहा. नंतर लिहू म्हटलं की ते राहतंच.

उताराचा पायथा

सगळ्या दाव्याचा भार या एका बिंदूवर असतो, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या. करार म्हणतो: विरुद्ध पुरावा नसेल तर पायथा म्हणजे उताराच्या तळाशी ढाळ जिथे सर्वाधिक बदलतो तो बिंदू. यात 'तळाशी' हा शब्द मोलाचा आहे. अख्ख्या छेदावर, म्हणजे किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे काढलेल्या खोलीच्या आलेखावर, ढाळ कुठे सर्वाधिक बदलतो ते पाहायचं नाही. आधी तळाचा पट्टा ठरवायचा आणि मग त्या पट्ट्यातच शोधायचं.

आयोगाच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत पट्टा ठरवण्याची रीत आहे. समुद्राकडची कड शोधायला सागरी मैदानाकडून किंवा मंद चढाकडून उताराच्या दिशेने या. जमिनीकडची कड शोधायला उताराच्या खालच्या भागातून समुद्राकडे जा. हे दोन्ही बाजूंनी करा, एकाच बाजूने नाही.

एक कल्पित छेद घेऊ. ३,२०० मीटर खोलीपर्यंत ढाळ चार अंशांचा आहे. ३,६०० मीटरला तो एक अंशावर येतो. ४,१०० मीटरला आणखी सपाट होऊन ०.२ अंश उरतो. म्हणजे दोन मोड दिसतात. एक अंशाच्या ढाळावर ५०० मीटर उतरायला जवळपास २८.६ किलोमीटर लागतात, म्हणजे पंधरा मैलांहून जास्त. कोणता मोड पायथा मानला यावर सगळी बाह्य सीमा पंधरा मैलांनी पुढे-मागे होते. छेदाकडे नुसतं पाहून हे सुटत नाही. मधला एक अंशाचा पट्टा कशाचा आहे ते सिस्मिक रेषेत पाहा. थर नीट एकावर एक, उताराला टेकत गेलेले असतील तर तो मंद चढ आहे आणि पायथा वरच्या मोडाशी. थर विस्कटलेले, वरून घसरून आलेल्या मलब्याचे असतील तर तो उताराच्याच घडणीचा भाग आहे असं मांडता येतं. पण मग शेजारच्या तीन-चार छेदांवरही तेच दिसलं पाहिजे. एकाच छेदावरचा सोयीचा मोड उपआयोग, म्हणजे दावा तपासणारा आयोगातला गट, लगेच ओळखतो.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. उभं प्रमाण ताणलेल्या छेदावर मऊ ढाळही कड्यासारखा दिसतो, म्हणून निर्णय आकड्यांवर घ्या, चित्रावर नाही. ढाळाचा बदल काढताना दुसरं अवकलन घ्यावं लागतं आणि ते मोजणीतला प्रत्येक खडखडाट वाढवून दाखवतं. म्हणून आधी छेद गुळगुळीत करावा लागतो. किती गुळगुळीत केला यावर बिंदू सरकतो. गाळणीची, म्हणजे छेद गुळगुळीत करण्याच्या पट्ट्याची, लांबी तीन वेगवेगळी धरून पाहा. बिंदू दोन-तीन किलोमीटरच्या आत राहिला तर विश्वास ठेवा. उड्या मारत असेल तर तळाचा पट्टाच चुकला आहे. छेद शक्यतो मोजलेल्या जहाजरेषेवरून घ्या, जाळीवरून काढलेल्या रेषेवरून नको. आणि छेद उताराला काटकोनात घ्या. तिरक्या छेदावर ढाळ खोटा मंद दिसतो.

'विरुद्ध पुरावा' हे कलम अडचणीच्या वेळी फार मोहात पाडतं. भूपृष्ठाच्या आकाराने पायथा ठरतच नसेल तेव्हाच ते वापरा. त्यासाठी भूखंडाचं कवच आणि सागरी कवच यांची सीमा कुठे आहे याचा भक्कम भूशास्त्रीय पुरावा लागतो.

गाळाची जाडी

सिस्मिक छेद जाडी मीटरमध्ये देत नाही, लहरीला जाऊन यायला लागलेला वेळ देतो. वेळेला वेगाने गुणून निम्मं केलं की जाडी मिळते. इथे वेगाची चूक थेट सीमेत उतरते. जाण्यायेण्याचा वेळ १.३ सेकंद असेल आणि सरासरी वेग सेकंदाला २.० किलोमीटर धरला, तर जाडी १,३०० मीटर, म्हणजे पायथ्यापासून १३० किलोमीटरपर्यंत पोहोच. तोच वेग २.२ धरला तर १,४३० मीटर आणि १४३ किलोमीटर. वेगात दहा टक्के फरक, सीमेत सात मैल. म्हणून जहाजामागे ओढलेल्या, लहरी टिपणाऱ्या लांब केबलवरून मिळालेल्या वेग-विश्लेषणाला ध्वनी-बोया (पाण्यावर तरंगत लहरी टिपणारं यंत्र) किंवा खोदविहिरीचा आधार द्या. तो नसेल तर वेगाची वरची-खालची मर्यादा दाखवा आणि सावध आकडा वापरा.

गार्डिनर सूत्र ६० मैलांच्या हेडबर्गला मागे टाकायचं असेल तर १११.१२ किलोमीटर अंतरावर १,१११ मीटरपेक्षा जास्त गाळ हवा. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. त्याहून कमी असेल तर तिथे हेडबर्गच चांगलं, आणि सिस्मिकचा खर्च वाचतो.

गाळाचा तळ, म्हणजे खालचा कठीण खडक, नीट दिसला पाहिजे. ज्वालामुखी पट्ट्यात लाव्ह्याचे थर गाळातच घुसलेले असतात आणि त्यांच्याखाली लहरी नीट पोहोचत नाहीत. तिथे लाव्ह्याचा माथाच तळ समजून जाडी कमी मोजली जाते. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता तोच तळ आखावा आणि फरक नोंदवावा. शिवाय पायथ्यापासून त्या बिंदूपर्यंत गाळ सलग असला पाहिजे. मध्ये खडकाची डोंगररांग तळातून वर आली असेल तर पलीकडचा जाड गाळ मोजायचा हक्क सांगणं अवघड होतं.

दोन्ही सूत्रं पायथ्याशी बांधलेली आहेत. पायथा दहा किलोमीटर जमिनीकडे सरकला की हेडबर्गची रेषा दहा किलोमीटर आत येते, आणि गार्डिनरच्या त्याच बिंदूवर १०० मीटर जास्त गाळ दाखवावा लागतो. म्हणून पायथा अजून हलत असताना गाळाच्या रेषा अंतिम करू नका.

आपल्या वाचकांसाठी एक जोड. बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागासाठी कराराच्या अंतिम दस्तऐवजात वेगळी तजवीज आहे, कारण तिथला गाळ उतारापासून फार दूरवर जाड आहे आणि नेहमीच्या सूत्रांनी श्रीलंका आणि भारत यांच्यावर अन्याय झाला असता. तिथे किमान एक किलोमीटर गाळाची कसोटी आहे. ती त्या भागापुरतीच आहे. दुसऱ्या देशाच्या कामात तिची उदाहरणं देऊ नका.

दोन बाहेरच्या, एक आतली

सूत्रांनी मिळालेल्या सीमेवर दोन मर्यादा आहेत: आधाररेषेपासून ३५० मैल, किंवा २,५०० मीटरच्या समखोली रेषेपासून १०० मैल. नवखी माणसं इथे हमखास गोंधळतात. रीत अशी: दोन सूत्रांच्या रेषांतली बाहेरची घ्या. दोन मर्यादांच्या रेषांतलीही बाहेरची घ्या. मग या दोघींपैकी जी आतली असेल ती सीमा. समुद्रतळावरच्या कण्यांवर मात्र ३५० मैलांच्या पुढे जाता येत नाही, १०० मैलांची दुसरी मर्यादा तिथे चालत नाही. पठारं, उंचवटे, मग्नतट यांसारखे भूखंडाचे नैसर्गिक घटक या बंधनातून सुटतात. म्हणून एखादी उंच रांग 'कणा' आहे की 'भूखंडाचा घटक' यावर हजारो चौरस किलोमीटर ठरू शकतात. खडकांचे नमुने, गुरुत्वाकर्षण, कवचाची जाडी, सगळा पुरावा इथे लावा.

शेवटी स्थिर बिंदू ६० मैलांपेक्षा लांब नसलेल्या सरळ रेषांनी जोडायचे असतात. एकच सिस्मिक रेषा खराब निघाली की साखळी तुटते, म्हणून रेषा ६० मैलांवर न ठेवता ४०-४५ वर आखा. २०० मैलांच्या रेषेला जाऊन मिळणारा शेवटचा दुवा केवळ क्षेत्र वाढवायला ताणू नका. उपआयोग त्यावर बोट ठेवतो.

भूगणिताची एक चूक वारंवार होते. संगणकात मर्केटर नकाशावर ६० मैलांचं वर्तुळ सरळ मीटरमध्ये काढलं जातं. विषुववृत्तावर ते बरोबर येतं, पण २० अक्षांशावर खरं अंतर ५६ मैलांच्या आसपास भरतं. म्हणजे देशाची चार मैलांची पट्टी एका सेटिंगमुळे जाते. सगळी अंतरं लंबगोलावरच्या भूमितीय रेषांनीच मोजा, आणि एक-दोन बिंदू हाताने पडताळा.

जहाज निघालंच तर

खोल पाण्यात मल्टीबीमचा, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिकिरणांनी खोली मोजणाऱ्या यंत्राचा, पट्टा खोलीच्या साधारण तीन ते चार पट रुंद पडतो. चार हजार मीटरवर एका फेरीत बारा-सोळा किलोमीटर मिळतात, त्यामुळे सगळा तळ रंगवायचा हट्ट नको. पायथ्याच्या पट्ट्यालाच आडवे छेद द्या. ध्वनिवेगाची मोजणी दररोज, आणि प्रवाह किंवा पाण्याचा थर बदलला की पुन्हा. हंगाम बघा: सोमालियाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी वारा किलोमीटर-किलोमीटर लांब केबल ओढू देत नाही. मच्छीमारांना आधी कळवा. त्यांच्या जाळ्यांनी केबल तुटते आणि आपल्या केबलने त्यांची जाळी तुटतात. नुकसान दोन्हीकडे होतं आणि त्यांचं नुकसान पोटाचं असतं. शेजाऱ्याच्या पाण्यात शिरणारी एक रेषाही लेखी परवानगीशिवाय चालवू नका.

जहाजावर देशाची किमान दोन माणसं असावीत, नुसती पाहुणी म्हणून नाही, पाळीवर. कच्ची माहिती परत आल्यावर पहिली प्रत देशाकडे जावी आणि दुसरी सल्लागारांकडे.

शेजारी

जिथे जमिनीचा किंवा समुद्राचा वाद आहे, तिथे सगळ्या संबंधित देशांच्या संमतीशिवाय आयोग दावा तपासत नाही. म्हणून शेजाऱ्यांशी पत्रव्यवहार मोजमापाच्या बरोबरीनेच सुरू करा. पत्राचे शब्द वकिलाला तपासू द्या. केनिया आणि सोमालियाने ७ एप्रिल २००९ रोजी एकमेकांच्या दाव्याला हरकत न घेण्याचा एक करार केला. त्यातली सीमेविषयीची एक ओळ पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात वादाचा मुद्दा झाली. २०१७ मध्ये न्यायालयाने करार वैध ठरवला, पण त्यामुळे खटला अडत नाही असं सांगितलं, आणि अंतिम निकाल १२ ऑक्टोबर २०२१ ला लागला. छोट्या मजकुराची किंमत केवढी असते ते यातून कळतं.

दुसरी वाट संयुक्त दाव्याची. मॉरिशस आणि सेशेल्स यांनी मास्करिन पठारासाठी १ डिसेंबर २००८ रोजी एकत्र दावा दिला. आपसातली २०० मैलांच्या आतली सीमा त्यांनी त्याच वर्षी ठरवून घेतली होती. आयोगाच्या शिफारशी ३० मार्च २०११ ला आल्या, सुमारे ३,९६,००० चौरस किलोमीटर तळ दोघांचा मिळून मान्य झाला, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनी तो वाटून न घेता एकत्र सांभाळायचा करार केला. मॉरिशसमधल्या मराठी बांधवांच्या देशाची ही कमाई आहे आणि छोट्या देशांसाठी यापेक्षा चांगला धडा सापडणं कठीण. त्यातला एक बारकावा मात्र लोकांना समजावून सांगा. साया दे माल्या या मग्नतटावर २०० मैलांपलीकडे हक्क आहे तो तळाचा: खनिजांचा, आणि तळाला चिकटून राहणाऱ्या जीवांचा. वरचं पाणी आणि त्यातला मासा खुल्या समुद्राचा. पश्चिम आफ्रिकेतल्या सात देशांनीही, केप वर्देपासून सिएरा लिओनपर्यंत, नॉर्वेच्या मदतीने २५ सप्टेंबर २०१४ रोजी असाच संयुक्त दावा दिला. एका जहाजाचा आणि एका तज्ज्ञगटाचा खर्च सातांत वाटला जातो हा साधा हिशेब.

पुरावा कच्चा राहिला तर काय होतं तेही सांगायला हवं. मॉरिशस-मालदीव खटल्यात सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २८ एप्रिल २०२३ च्या निकालात हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या उत्तरेला २०० मैलांपलीकडची सीमा आखायला नकार दिला, कारण भूखंड तिथवर सलग आहे का याबाबत मोठी अनिश्चितता होती.

पैसा, माणसं, कागद

२००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विकसनशील देशांसाठी दोन निधी उभे केले. एक दावा तयार करायला, प्रशिक्षणासकट. दुसरा विकसनशील देशांतून निवडून आलेल्या आयोग-सदस्यांचा प्रवास आणि मुक्काम यासाठी. अर्ज लवकर करा आणि टेबलावरचा अभ्यास जोडूनच करा. नुसत्या इच्छेवर पैसा सुटत नाही. अर्थमंत्रालयाला ८२ वं कलमही दाखवा: २०० मैलांपलीकडे उत्पादन सुरू झालं की सहाव्या वर्षापासून उत्पादनाच्या एक टक्का, दरवर्षी एकेक टक्का वाढत बाराव्या वर्षी सात टक्के आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे द्यावे लागतात. तेच खनिज निव्वळ आयात करणाऱ्या विकसनशील देशाला यातून सूट आहे.

आयोगाच्या सदस्याचा सल्ला घेता येतो, पण ज्याने सल्ला दिला तो तुमच्या दाव्यावरच्या उपआयोगात बसू शकत नाही. त्याचं नाव दाव्याच्या संक्षेपात जाहीर लिहावंही लागतं. चांगला माणूस सल्लागार हवा की परीक्षक, हे आधी ठरवा.

दावा तीन भागांचा असतो: सर्वांना दिसणारा संक्षेप, मुख्य विश्लेषण आणि मूळ माहिती. संक्षेपात अंतिम बिंदूंची यादी असते आणि प्रत्येक बिंदू कलमाच्या कोणत्या तरतुदीने आला हे लिहिलेलं असतं. मुख्य भागात प्रत्येक पायथ्यासाठी एक पान ठेवा: छेद, त्याचा स्रोत, गाळणी, तळाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा, निवडलेला बिंदू, नाकारलेले बिंदू आणि ते का नाकारले. नाकारलेल्या बिंदूंची कारणं सहसा लिहिली जात नाहीत, आणि उपआयोगाचा पहिला प्रश्न नेमका त्यांवरच येतो. संगणकाच्या फायली दोन स्वरूपांत ठेवा: सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात आणि साध्या मजकुराच्या स्वरूपात, कारण सॉफ्टवेअरचा परवाना संपतो आणि देश तो दरवर्षी भरत बसत नाही.

सात जणांचा उपआयोग प्रश्न विचारतो, उत्तरं मागतो, कधी नवीन छेदही मागतो. न्यूयॉर्कला बोलायला देशाची माणसं पुढे असावीत. त्यांची तालीम घ्या: एक पायथा निवडा, त्यांना तो फळ्यावर पहिल्यापासून सिद्ध करायला लावा, आणि तुम्ही गप्प बसा. शिफारशी पटल्या नाहीत तर देश सुधारित किंवा नवा दावा देऊ शकतो. पटल्या तर देशाने सीमा स्वतःच्या कायद्याने जाहीर करायची आणि नकाशे व भूगणितीय माहिती संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा करायची. हे शेवटचं पाऊल मंत्री बदलला की फायलीतच पडून राहतं, म्हणून शिफारशी येण्याआधीच त्या कायद्याचा मसुदा कायदा खात्याकडे तयार ठेवा.